स्वस्त सिनेमाला हसण्यापूर्वी

भुताखेतांचे सिनेमे आंबेडकरी माणसाने पाहावेत काय? हा प्रश्न चळवळीतील एखाद्या ज्येष्ठ कार्यकर्त्याला विचारला तर उत्तर ठरलेले आहे. ज्यांनी बुद्धाचा धम्म स्वीकारला, देव आणि दैव दोन्ही नाकारले, त्यांनी हडळ आणि चेटूक कशाला पाहायचे? वेळ असेल तर ग्रंथ वाचा. हे उत्तर चुकीचे नाही. पण वस्तुस्थिती अशी की, आपल्या वस्त्यांनी हेच सिनेमे पोटभर पाहिले आहेत. वर्गणी काढून भाड्याने आणलेला रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ, एका रात्रीत तीन सिनेमे आणि त्यातला एक हमखास भुताचा, हे दिवस आज पन्नाशीत असलेल्या कोणालाही आठवतील. आता तेच सिनेमे पोरांच्या मोबाईलवर आहेत.

आम्ही काही चित्रपट समीक्षक नाही. कॅमेरा कोठे ठेवावा हे आम्हाला कळत नाही. रात्री जेवण झाल्यावर जे लागेल ते पाहणाऱ्यांपैकी आम्ही एक. पण जे पाहिले त्यावरून आमचे एक मत झाले आहे. ज्या सिनेमात पैसा कमी असतो, तेथे कधी कधी अशा माणसाला जागा मिळते, ज्याला मोठ्या सिनेमाने दारातही उभे केले नसते. चळवळीने या जागेकडे पाठ फिरवली आहे, आणि त्यात नुकसान आपले आहे.

उदाहरण दूरचे आहे, पण पाहण्यासारखे आहे. १९६८ साली अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात जाहिरातपट बनविणाऱ्या काही तरुणांनी पैसे जमवून 'नाईट ऑफ द लिव्हिंग डेड' नावाचा भयपट काढला. दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो. एकूण खर्च सुमारे १ लाख १४ हजार डॉलर, म्हणजे हॉलीवूडच्या हिशेबाने चहापाण्याचा पैसा. सिनेमा कृष्णधवल, आणि त्यातले रक्त म्हणजे चॉकलेटचे सरबत. गोष्ट एवढीच की, मेलेली माणसे उठून जिवंतांना खाऊ लागतात आणि सात माणसे एका एकाकी घरात अडकतात.

त्या सातांचा म्होरक्या आहे बेन, आणि बेनचे काम केले आहे ड्वेन जोन्स या काळ्या नटाने. संहितेत बेन काळा असल्याचा उल्लेखच नव्हता. चाचणीला जे आले त्यांत हा सर्वांत चांगला, म्हणून त्याला घेतले, असे रोमेरो सांगत असे. मूळचा बेन होता एक रांगडा ट्रकचालक. जोन्स स्वतः उच्चशिक्षित. त्याने ती गावंढळ भाषा बोलायचे नाकारले आणि बेनला विचारी, शुद्ध बोलणारा माणूस केले. विचार करा, १९६८ साल आहे. पडद्यावर एक काळा माणूस दारे-खिडक्यांना फळ्या ठोकतो आहे, बंदूक त्याच्या हातात आहे, निर्णय तो घेतो आहे. तळघरात लपून बसू म्हणणाऱ्या एका अहंकारी गोऱ्या बापाशी त्याचे भांडण होते आणि त्या बापाला तो सरळ गोळी घालतो. कोणी त्याला त्याच्या रंगावरून एक शब्द बोलत नाही. सबंध सिनेमात वर्णद्वेष हा विषयच निघत नाही.

आणि मग शेवट. रात्रभर मृतांशी झुंजून वाचलेला तो एकटाच. सकाळ होते. बंदुका आणि कुत्रे घेतलेला गोऱ्यांचा जमाव पोलीसप्रमुखाबरोबर शेतातून येतो. बेन खिडकीतून डोकावतो. जमावाला तो भूत वाटतो. एक गोळी, आणि संपले. पुढे फक्त स्थिर छायाचित्रे. आकडे घेऊन आलेली माणसे, बेनचा देह, लाकडांचा ढीग, जाळ. अमेरिकेत काळ्यांना जमावाने ठार मारून जे फोटो काढले जात, तसेच हे फोटो दिसतात. सिनेमा तयार करून त्याची प्रत गाडीत घालून रोमेरो न्यूयॉर्कला निघाला होता, आणि वाटेत रेडिओवर बातमी आली की मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. तो दिवस होता ४ एप्रिल १९६८.

खैरलांजी २००६ साली पाहिलेल्या महाराष्ट्राला जमाव कसा दिसतो हे सांगायला नको. आम्हाला त्या सिनेमातली प्रेते घाबरवत नाहीत. सकाळच्या उजेडात आरामात चालत येणारी ती जिवंत माणसे घाबरवतात. वर्णद्वेषावर दोन तासांचे भाषण ऐकून जे पोचले नसते, ते एका स्वस्त भुताच्या सिनेमाने दीड तासात पोचविले. १९९९ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने हा सिनेमा जपून ठेवण्याच्या राष्ट्रीय यादीत घेतला. याच वाटेने पुढे जॉर्डन पील या काळ्या दिग्दर्शकाने २०१७ साली 'गेट आऊट' काढला. सुमारे ४५ लाख डॉलर खर्च, कमाई २५ कोटी डॉलरच्या वर, आणि मूळ पटकथेचे ऑस्कर. त्यातले राक्षस म्हणजे आम्ही वंशभेद मानतच नाही असे हसून सांगणारी सुशिक्षित गोरी माणसे! आपल्याकडे 'आता कुठे राहिली जात' म्हणणारे काय कमी आहेत? त्यांच्यावर अजून एकही भयपट निघालेला नाही.

आपल्याकडे निघाला तो रामसे बंधूंचा भयपट. कराचीत रेडिओचे दुकान चालविणारे एफ. यू. रामसे फाळणीनंतर मुंबईला आले. १९७० चा त्यांचा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' पडला. पण त्यात मुखवटा घालून चोरी करण्याचा एक प्रसंग होता, आणि लोक तेवढ्यासाठीच येत होते, हे मुलांच्या ध्यानात आले. सात भाऊ. कोणी कथा, कोणी कॅमेरा, कोणी आवाज, कोणी दिग्दर्शन. १९७२ साली 'दो गज जमीन के नीचे' हा सिनेमा त्यांनी घरच्याच माणसांच्या बळावर महाबळेश्वरला उरकला. १९८४ चा 'पुराना मंदिर' तर तुफान चालला. या कष्टाला आम्ही नाव ठेवणार नाही. मोठ्या नटांशिवाय, मोठ्या पैशाशिवाय, छोट्या गावांच्या थिएटरांवर त्यांनी राज्य केले.

नाव ठेवायचे ते दुसऱ्या गोष्टीला. 'पुराना मंदिर' मध्ये सामरी या राक्षसाचे मुंडके पेटीत कोंडतात आणि पहाऱ्याला त्रिशूळ ठेवतात. भूत मारायला या सिनेमांत त्रिशूळ चालतो, क्रॉस चालतो, ताईत चालतो. अक्कल मात्र कधीच चालत नाही. हवेली ठाकुराची, शाप राजघराण्याला, आणि मरतात ते गावातले ऐरेगैरे. भीती विकायची आणि उतारा म्हणून पुरोहित विकायचा, हा धंदा पडद्याहून पुष्कळ जुना आहे. महात्मा फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' नाटक लिहिले, ते याच धंद्यावर. गरोदर कुणबी बाईला ग्रहांची भीती घालून लुबाडणारा जोशी हा मराठी साहित्यातला आमच्या मते पहिला खरा राक्षस. दक्षिणा प्राइज कमिटीला ते नाटक पसंत पडले नाही, यात नवल ते काय!

बरे, आपल्या भुतांनाही जाती आहेत. ब्रह्मसमंध ब्राह्मणाचा, मुंजा म्हणजे मुंज होऊन सोडमुंजीआधी मेलेला बटू, खवीस मुसलमानाचा. माणूस मेला तरी वर्णव्यवस्था त्याला पिंपळावर सोडून येत नाही! २०२४ साली आदित्य सरपोतदार यांचा 'मुंज्या' मोठ्या नटाशिवाय शंभर कोटींच्या पुढे गेला. सिनेमा गमतीचा आहे, आम्हीही हसलो. पण ज्याची मुंज कधी होणारच नव्हती, त्याच्या पोराचे भूत कसे असते, हा प्रश्न त्या सिनेमाच्या मनात येण्याचे कारण नव्हते. तो आपल्या मनात यायला हवा.

येथे कोणी म्हणेल की स्वस्त सिनेमाचे एवढे कौतुक कशाला? त्यातला निम्मा तर बाईच्या देहाचा बाजार असतो. खरे आहे. १९९८ चा 'गुंडा' आज उच्चशिक्षित पोरे टोळक्याने बसून हसण्यासाठी पाहतात. त्यातल्या बलात्कारावरच्या यमकांना आम्हाला हसू आले नाही. आम्ही त्या मालाची वकिली करीत नाही. पण त्या हसण्यात आणखी एक गोष्ट असते. सिनेमा भिकार म्हणून हसतात, आणि तो पैसे देऊन पाहणारा हमाल, रिक्षावालाही भिकार, असे त्या हसण्यात गृहीत असते. हे दुसरे हसणे आपण उचलू नये.

हसायचेच असेल तर मालेगावसारखे हसावे. मालेगाव म्हटले की वर्तमानपत्रांना २००६ आणि २००८ चे बॉम्बस्फोट आठवतात. यंत्रमागाच्या या गावात शेख नासिर हा तरुण व्हिडिओ पार्लर चालवीत असे. २००० साली त्याने सुमारे ५० हजार रुपयांत 'मालेगाव के शोले' काढला. नट सगळे गावचे, त्यात मागावर राबणारे कामगार. डाकू घोड्यांऐवजी सायकलींवर! मग त्याने 'मालेगाव का सुपरमॅन' काढला, आणि तो काढताना फैजा अहमद खान यांनी २००८ साली त्यावर माहितीपट केला. त्यात दिसते की क्रेन नाही म्हणून बैलगाडीचे जू वर उचलले आहे, आणि कॅमेरा फिरवायला सायकल आहे. आकाशात उडणारा शफीक शेख यंत्रमाग कामगार. त्याचे शत्रू गावातली घाण आणि तंबाखू. हा सुपरमॅन पुढे तोंडाच्या कर्करोगाने गेला. २०२५ साली रीमा कागती यांनी या सगळ्यावर 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा मोठा सिनेमा आणला. पाहून घ्यावा, पण मूळ माहितीपट आधी पाहावा. बॉम्ब आणि दंगल यांपलीकडे ज्या माणसांना कोणी विचारीत नव्हते, त्यांनी दुसऱ्याचा साचा उसना घेतला आणि त्यात स्वतःचा चेहरा बसविला.

हे आपल्याला नवीन वाटण्याचे कारण नाही. सत्यशोधक जलशांनी तमाशाचाच साचा घेतला. गणातला गणपती आणि गौळणीतला कृष्ण काढला, तेथे सावकार, भटजी आणि शाळा आणली. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसा गावोगावी नेला तो याच रीतीने. त्या काळच्या पांढरपेशांना तमाशा हा नाक मुरडण्याचाच प्रकार होता. आपल्या माणसांनी नाक मुरडले नाही, ढोलकी हातात घेतली.

आणि सिनेमाच्या बाबतीत आपण काय केले? डॉ. जब्बार पटेल यांचा बाबासाहेबांवरील चित्रपट सरकारी पैशातून झाला, मामुट्टी यांनी ती भूमिका मनापासून केली, राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मूळ इंग्रजीत असलेला हा सिनेमा तमिळमध्ये पडद्यावर यायला २०१० उजाडले. सरकारच्या भरवशावर राहिले की असे होते. त्याआधी 'भीमगर्जना' (१९९०), 'युगपुरुष डॉ. बाबासाहेब आंबेडकर' (१९९३) असे मराठी सिनेमे आपल्याच लोकांच्या तळमळीतून निघाले. त्या तळमळीला आमचा जयभीम. पण प्रेक्षक म्हणून खरे सांगायचे तर ते पाहताना आपण सिनेमा पाहत नसतो, वंदना करीत असतो. हात जोडलेल्या अवस्थेत कॅमेरा धरता येत नाही.

नागराज मंजुळे यांनी हात सोडले. 'फँड्री'त (२०१३) डुक्कर बांधलेला बांबू घेऊन घरची माणसे शाळेच्या भिंतीवरील बाबासाहेब, सावित्रीमाई, शाहू महाराज, गाडगेबाबा यांच्या चित्रांसमोरून जातात. कोणी बोलत नाही. पण 'सैराट' (२०१६) आम्हाला या विषयासाठी अधिक महत्त्वाचा वाटतो. श्रीमंत घरची मुलगी, गरीब घरचा मुलगा, नाच-गाणी, पळून जाणे. शंभर वेळा पाहिलेला साचा. खर्च सुमारे चार कोटी, चेहरे नवखे, आणि मराठीत शंभर कोटींची कमाई करणारा पहिला सिनेमा. लोकांना नेहमीच्या साच्यात बसवून, हसवून, नाचवून शेवटची काही मिनिटे त्यांचा आवाजच काढून घेतला. रोमेरोने जे भुताच्या गोष्टीत केले, ते मंजुळे यांनी प्रेमाच्या गोष्टीत केले.

मंजुळे एक आहेत. तमिळमध्ये पा. रंजित यांनी स्वतः सिनेमे काढलेच, शिवाय मारी सेल्वराज यांचा 'परियेरुम पेरुमाळ' (२०१८) निर्माता होऊन उभा केला. आपल्याकडे भीमजयंतीला डीजेच्या भिंती उभ्या राहतात. एका रात्रीचे भाडे किती, हे ज्या त्या मंडळाच्या खजिनदाराला ठाऊक आहे. त्याने तो आकडा मालेगावच्या ५० हजारांशेजारी लिहून पाहावा. रहस्यपट काढा, ज्यात गुप्तहेर नागपूरच्या इंदोऱ्यातला आहे. विनोदी सिनेमा काढा, ज्यात वसतिगृहाची पोरे आहेत आणि कोणी त्यांच्या जातीवर भाषण करीत नाही. भुताचा काढा, ज्यात वाड्यावरची भीती घालणारा शेवटी पोलिसांच्या नाही, तर गावातल्या बायकांच्या हाती सापडतो. वाईट निघाला तर निघू द्या. दुसरा बरा निघेल.

सुरुवात पाहण्यापासूनही करता येते. 'नाईट ऑफ द लिव्हिंग डेड' चे नाव वितरकाने ऐनवेळी बदलले, त्या गडबडीत स्वामित्वहक्काची सूचना पडद्यावरून गळाली, आणि त्यामुळे अमेरिकेत हा सिनेमा प्रथमपासून सर्वांच्या मालकीचा झाला. रोमेरोचे त्यात मोठे नुकसान झाले, पण आज तो इंटरनेटवर फुकट मिळतो. लांबी ९६ मिनिटे. विहाराच्या सभागृहात पांढरी चादर आणि एक प्रोजेक्टर पुरे. लहान मुलांना मात्र बसवू नये. इंग्रजी संवाद थोडे आहेत, त्यांच्या मराठी ओळी करायला इंग्रजी जाणणारी दोन पोरे आणि आठवडाभराच्या संध्याकाळी लागतील.