मौन हे उत्तर नव्हे!

विम्याचा हप्ता वसूल करताना ज्यांची वाणी साखरेत घोळलेली असते, त्यांनाच भरपाई मागणारा दारात उभा राहताच मुकेपणाची व्याधी का जडावी? महामार्गावर मोटारीचा चुराडा होतो. मालक त्याच दिवशी खबर देतो. पंचनामा, परवाना, दुरुस्तीचा अंदाज असे सारे कागद सादर करतो. तेथून कंपनीचे मौनव्रत सुरू होते. आज सर्व्हेअर रजेवर, उद्या साहेब फिरतीवर, परवा फाइल वरिष्ठ कचेरीत! मोटार गॅरेजात गंजते, कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. आणि कंपनी हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही.

हा निव्वळ गबाळेपणा आहे असे मानण्याइतके आम्ही भोळे नाही. नकार द्यायचा तर कारण लिहून द्यावे लागते आणि लिहिलेले कारण न्यायासनापुढे तपासले जाते. मौनावर ना सही, ना तारीख! दावेदार थकेल आणि अर्ध्यामुर्ध्या रकमेवर सही करून मोकळा होईल, हाच त्यामागचा हिशेब आहे.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याने तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा सक्तीचा आहे. त्यावाचून गाडी रस्त्यावर आणणाऱ्यास पहिल्याच गुन्ह्यासाठी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आपल्या स्वतःच्या मोटारीचा विमा ऐच्छिक खरा. पण ज्या धंद्याला कायदाच गिऱ्हाईक आणून देतो, त्याला त्याच गिऱ्हाइकाकडे पाठ फिरवण्याचा अधिकार कोणी दिला, हा आमचा सवाल आहे.

असा अधिकार कोणीही दिलेला नाही. विमा लोकपालाच्या २०१७ च्या नियमांनुसार कंपनीकडे केलेल्या लेखी तक्रारीला एका महिन्यात उत्तर आले नाही, तर ते मौन हेच लोकपालाकडे जाण्यास पुरेसे कारण ठरते. तेथे शुल्क नाही, वकील नाही. ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई मिळू शकते आणि तो निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. मात्र वर्षाच्या आत गेले पाहिजे. ग्राहक आयोगात तेच प्रकरण चालू असेल तर लोकपाल ते ऐकत नाही. म्हणून आधी लोकपाल, मग आयोग, हा क्रम बरा. आयोगाची मुदत दोन वर्षांची. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला आपण राहतो त्याच जिल्ह्यात दाद मागता येते. बेळगाव-खानापूरच्या माणसाने मुंबईच्या मुख्य कचेरीच्या पायऱ्या झिजवण्याचे कारण उरलेले नाही.

तेव्हा नागरिकहो, फोनवरील गोड वचनांवर विसंबू नका. प्रत्येक कागदाची पोच घ्या, प्रत्येक मागणी लेखी करा, स्पीड पोस्टाची पावती जपून ठेवा आणि दिवस मोजा. कंपनीचे मौन हे तिचे हत्यार आहे. आपण गप्प बसलो तरच त्याला धार चढते!