खांबावरच्या पेटीतील बॅटरी

नव्या वीजमीटरांविषयी आपल्याकडे जो वाद चालला आहे, त्याचा सारा भर बिलावर आहे. बिल फुगेल काय, पैसे आगाऊ भरावे लागतील काय, हे प्रश्न रास्तच होत. परंतु या योजनेचे एक अंग असे आहे की, त्याविषयी चर्चा जवळजवळ होत नाही. आणि वादळाच्या रात्री नेमके तेच कसोटीला लागते.

हा मीटर बोलका आहे. वीज गेली की आत साठविलेल्या चिमूटभर विजेवर तो काही क्षण तग धरू शकतो व 'येथील पुरवठा बंद पडला' असा अखेरचा संदेश बिनतारी लहरींवरून धाडू शकतो. पुष्कळ ठिकाणी हा संदेश प्रथम जातो तो खांबावरच्या एका पेटीकडे. शेकडो मीटरांचे निरोप गोळा करून ती पुढे पाठविते. काही ठिकाणी हेच काम मोबाइलचा टॉवर करतो. आता ही पेटी त्याच वाहिनीच्या विजेवर चालत असेल, तर मीटर हाक मारील आणि ऐकणारा आधीच गतप्राण झालेला असेल! यावर उपाय साधा आहे : पेटीला बॅटरी द्यावी.

पण बॅटरीचे पैसे कोणी द्यावयाचे? केंद्राने २०२१ साली मंजूर केलेल्या वितरण सुधारणा योजनेत २५ कोटी मीटरांचे उद्दिष्ट ठेवले गेले. मीटर बसवून सांभाळणाऱ्या कंपनीला मोबदला मुख्यतः दर मीटरमागे दरमहा मिळावा, अशी तिची रचना आहे. म्हणजे बॅटरीचा खर्च कंपनीचा आणि लाभ अंधारात बसलेल्यांचा. शिवाय ती एकदा घेऊन विसरावी अशी वस्तू नव्हे. आपल्याकडच्या उन्हात ती लवकर झिजते, आणि ती निकामी झाली आहे हे वीज असेतोवर सहसा कोणाच्या ध्यानातही येत नाही. अशा व्यवहारात काटकसर कोठे होणार, हे सांगावयास अर्थशास्त्राची पदवी नको.

अमेरिकेचा अनुभव बोलका आहे. २००५ च्या कतरिना वादळानंतर तेथील दळणवळण आयोगाने टॉवरपाशी ८ तास पुरेल एवढी पर्यायी वीज ठेवण्याचा नियम २००७ साली केला. कंपन्या न्यायालयात गेल्या, नियम बारगळला. २०१२ साली सँडी वादळ आले, तेव्हा तडाख्यातील टापूत सुमारे एक चतुर्थांश टॉवर बंद पडले. पुढे २०२० साली कॅलिफोर्नियाने वणव्याच्या धोक्याच्या पट्ट्यात ७२ तासांची अट घातली. आपल्या रायगडातही ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात वीज आणि मोबाइल दोन्ही एकदमच गेले होते. (खांबच आडवा झाला तर बॅटरी तरी काय करणार, हे खरे, पण सारेच खांब पडत नाहीत.)

हा खर्च अखेर ग्राहकाच्याच माथी येईल, असा आक्षेप निघेल. येऊ द्या. एक पेटी शेकडो घरांची असते. प्रत्येकाचा वाटा अल्प पडेल. बिघाड शोधीत रात्रभर हिंडणाऱ्या पथकाचा खर्चही ग्राहकच सोसतो, फक्त तो बिलात निराळा छापलेला नसतो.

राज्य वीज नियामक आयोगाने म्हणूनच वीजकंपन्यांकडून करारातील कलम मागवावे. पेटीला किती तासांची बॅटरी आहे, कोकणात ती अधिक आहे काय, तिची चाचणी कोण व केव्हा घेतो आणि ती निकामी आढळल्यास दंड कोणाला, हे पुढच्या पावसाळ्यापूर्वी जाहीर व्हावे.