पिकावरची कीड ओळखता, मग टॅबलेटमधली का नाही?

कपाशीचं पान लाल पडलं की तुम्ही लगेच पंप पाठीवर घेत नाही. आधी पान उलटून पाहता. तुडतुडे आहेत की मॅग्नेशियम कमी पडलंय, हे ठरवता आणि मगच खिशात हात घालता. हीच नजर आता हातातल्या मोबाइलकडे आणि टॅबलेटकडे वळवायची वेळ आली आहे. कारण तिथली कीड पान खात नाही, थेट बँकेतलं खातं खाते.

ही कीड येते कशी? बहुतेक वेळा आपणच तिला दार उघडतो. पीएम-किसानचे वर्षाला ६,००० रुपये २,००० च्या तीन हप्त्यांत जमा होतात, हे चोरालाही ठाऊक आहे. मग व्हॉट्सॲपवर निरोप येतो, ‘तुमचा हप्ता अडकला आहे, सोबतचं ॲप घेऊन केवायसी पूर्ण करा.’ कधी वाहनाच्या दंडाची पावती येते, तर कधी चक्क लग्नपत्रिका. फाइलच्या नावाशेवटी ‘एपीके’ ही तीन अक्षरं असतात. एपीके म्हणजे चित्र नव्हे, कागद नव्हे; टॅबलेटमध्ये बसवायचा तो आख्खा प्रोग्राम असतो. आता सांगा, पत्रिका वाचायला प्रोग्राम कशाला लागतो?

लक्षणं कोणती?

टॅबलेट नुसता पडून असताना तापतो, बॅटरी भराभर उतरते, काही न पाहता डेटा संपतो. कुठलंच ॲप उघडलेलं नसताना पडदाभर जाहिराती येतात. पण ही झाली साधी लक्षणं. बॅटरी जुनी झाली तरी ती उतरतेच, म्हणून एवढ्यावरून घाबरू नका.

खरी लक्षणं पुढची. ॲप बसवलं आणि त्याचं चिन्ह पडद्यावरून गायब झालं. हप्ता दाखवणारं ॲप तुमचे एसएमएस वाचण्याची किंवा ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागतं, ही दुसरी परवानगी देणं म्हणजे पडद्यावरचं वाचायची आणि तुमच्या वतीने बटणं दाबायची मुभा देणं. ॲप काढायला गेलात तर काढण्याचं बटणच चालत नाही. प्ले प्रोटेक्ट ही तपासणी तुम्ही न करता बंद झालेली दिसते. तुमच्या नावाने पाहुण्यारावळ्यांना तीच फाइल जाते. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे बँकेचे संदेश अचानक थांबतात. यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली, तर कीड लागली असंच समजा.

मग करायचं काय?

आधी इंटरनेट बंद करा. डेटा आणि वायफाय दोन्ही. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं आणि यूपीआय थांबवा. लगेच १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवा. तक्रार लवकर गेली, तर पैसे वाटेतच गोठवता येण्याची शक्यता असते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानेही हेच महत्त्व सांगितलं आहे: ग्राहकाने कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेने सोसायचं. म्हणून लाजेपायी रात्र घालवू नका. त्यानंतर सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपच्या परवानग्या काढा आणि ते उडवा. निघत नसेल तर फोटो, कागदपत्रं बाजूला काढून टॅबलेट पूर्ण पुसून नव्यासारखा करून घ्या. पासवर्ड आणि पिन मात्र दुसऱ्या, स्वच्छ फोनवरूनच बदला.

इथवर झालं शेतकऱ्याचं काम. आता थोडं गावच्या कारभाऱ्यांशी बोलायचं आहे. केवायसी मोबाइलवर, पीकपाहणी मोबाइलवर, ओटीपीही मोबाइलवर, हे शेतकऱ्याने मागितलेलं नव्हतं. सरकारने ते आणलं. सोय झाली, हे मान्यच. पण सात-बारावर पीक चढवायला ज्याला फोन घ्यावा लागला, त्याला फोन राखायला कुणी शिकवलं? फसल्यावर ‘तू बटण दाबलंसच का?’ असं विचारणं सोपं आहे. बी बोगस निघालं तर आपण शेतकऱ्याला दोष देतो का? मग बोगस ॲपच्या वेळीच वेगळा न्याय कशाला?

२०२४ मध्ये तलाठ्यांचे ग्राम महसूल अधिकारी झाले, ग्रामसेवकांचे ग्रामपंचायत अधिकारी झाले. पदनाम बदललं, तसं कामही थोडं वाढवा. योजनेचं खरं ॲप कोणतं आणि ते प्ले स्टोअरमधूनच घ्यायचं, एवढं तरी चावडीवरच्या फलकावर लिहा. १९३० हा आकडा रेशन दुकानात आणि सोसायटीत रंगवून घ्या. ग्रामसभेत अर्धा तास या विषयाला द्या, आणि बायाबापड्यांनाही बोलवा. कार्यालयाचा टॅबलेट घरी पोरांच्या हाती खेळायला देऊ नका. त्यात एका घराची नाही, अख्ख्या गावाची माहिती असते. आणि गावच्या ग्रुपवर आलेली एपीके फाइल पुढे ढकलणारा कुणीही असो, सरपंच असला तरी, त्याला तिथंच टोका.

बांधावर अनोळखी माणूस दिसला की आपण ‘कुठल्या गावचं, पाव्हणं?’ असं विचारतोच. अनोळखी ॲपलाही तोच प्रश्न विचारा. उत्तर पटलं नाही, तर त्याला वेशीच्या आत घेऊ नका.