आकाश जनतेचे, बातमी कोणाची?
मराठी वृत्तवाहिन्यांच्या सायंकाळच्या स्पर्धेविषयी महाराष्ट्रातील प्रेक्षकांसाठी पत्रक

ज्या लहरींवरून रेडिओ आणि दूरचित्रवाणीचे प्रसारण होते त्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून त्यांचा वापर लोकहितासाठीच झाला पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 9 फेब्रुवारी 1995 रोजी ‘क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगाल’ खटल्यात दिला. त्या खंडपीठात महाराष्ट्राचे न्या. पी. बी. सावंत होते. प्रसारणावर सरकारची मक्तेदारी असू नये आणि खासगी भांडवलाचीही असू नये, कारण खरा हक्क पाहणाऱ्याचा आणि ऐकणाऱ्याचा आहे, हा त्या निकालाचा गाभा होता. या निकालानंतर सरकारी मक्तेदारी मोडली. 2007 आणि 2008 या दोनच वर्षांत झी 24 तास, स्टार माझा (आजची एबीपी माझा), आयबीएन लोकमत आणि साम अशा मराठी वाहिन्या सुरू झाल्या व त्यानंतरही नव्या येत राहिल्या. तरीही सायंकाळी सात ते रात्री दहा या वेळेत, म्हणजे ज्याला व्यवसायात ‘प्राइम टाइम’ म्हणतात त्या तीन तासांत, वाहिनी बदलली तरी बातमी बदलत नाही, हा सर्वांचा अनुभव आहे. वाहिन्या अनेक झाल्या आणि पर्याय मात्र वाढला नाही, याचे कारण ही स्पर्धा ज्या मापाने मोजली जाते त्या मापात आहे, आणि ते माप बदलल्याशिवाय बातमी सुधारणार नाही, असे या पत्रकाचे प्रतिपादन आहे.

स्पर्धा कशासाठी चालते

बहुतेक वृत्तवाहिन्या प्रेक्षकाला विनामूल्य किंवा नाममात्र दरात मिळतात, त्यामुळे त्यांचा निर्वाह मुख्यतः जाहिरातींवर होतो. जाहिरातदार पैसे मोजतो ते प्रेक्षकाच्या वेळेसाठी, आणि त्या वेळेचा भाव ज्या आकड्यावर ठरतो त्याला सर्वसाधारण भाषेत टीआरपी म्हणतात. हा आकडा दोन गोष्टींच्या गुणाकारातून येतो : किती लोकांनी कार्यक्रम लावला आणि लावलेल्यांनी तो किती वेळ ठेवला. शंभरांपैकी वीस जणांनी अर्ध्या तासाच्या बातमीपत्रातील पंधरा मिनिटे पाहिली तर मानांक दहा येतो, आणि दहाच जणांनी पूर्ण अर्धा तास पाहिला तरी तो दहाच येतो. म्हणून जो प्रेक्षक हाती आहे त्याला धरून ठेवणे हे नवा प्रेक्षक मिळवण्याइतकेच मोलाचे ठरते. उत्तर ठाऊक असतानाही पडद्यावर प्रश्नचिन्ह झळकत ठेवणे, ‘थोड्याच वेळात’ म्हणून तीच बातमी तीन विश्रांतींपलीकडे ढकलणे, एका जुन्या दृश्याची पुनरावृत्ती करत राहणे या साऱ्या पद्धती या गणितातून जन्मल्या आहेत, आणि त्यांचा दोष एखाद्या निवेदकाच्या स्वभावावर टाकणे म्हणजे मूळ कारण नजरेआड करणे होय.

हे मोजमाप बार्क, म्हणजे ब्रॉडकास्ट ऑडियन्स रिसर्च कौन्सिल, ही संस्था 2015 पासून करते. निवडक घरांत यंत्र बसवलेले असते, वाहिनीच्या आवाजात मिसळलेली आणि कानाला न जाणवणारी खूण ते ओळखते, आणि घरातील प्रत्येक व्यक्तीने पाहायला बसताना आपले बटण दाबावे अशी अपेक्षा असते. 2020 मधील अंदाजानुसार देशात दूरचित्रवाणी संच असलेली सुमारे 21 कोटी घरे होती आणि यंत्रे सुमारे 44 हजार घरांत होती, म्हणजे जवळजवळ 4,800 घरांमागे एक. साऱ्या देशातील लोकप्रिय मालिकांची तुलना करायला हा नमुना पुरेसा असेलही. परंतु एका भाषेतील, एका राज्यातील, रात्री नऊच्या अर्ध्या तासात बातम्याच पाहणारी घरे मोजायची ठरवली की नमुना इतका विरळ होतो की दोन प्रतिस्पर्ध्यांमधील फरक हा मोजणीतील संभाव्य चुकीपेक्षाही लहान असू शकतो. मार्च 2022 पासून बातम्यांचे आकडे चार आठवड्यांची सरासरी काढून दिले जाऊ लागले, यावरूनच एका आठवड्याच्या आकड्यावर किती भरवसा ठेवावा हे दिसून येते. तरीही या आकड्यांतून वयोगट, प्रदेश, वार आणि तास सोयीने निवडून एकाच शहरात अनेक वाहिन्या एकाच वेळी ‘नंबर वन’ असल्याची जाहिरात करू शकतात, आणि कोणता गट मोजला हे फलकाच्या तळाशी वाचता न येणाऱ्या अक्षरांत छापलेले असते.

मोजणारी संस्था कोणाची, हा त्याहून मोठा प्रश्न आहे. बार्कमध्ये 60 टक्के वाटा प्रसारकांच्या संघटनेचा आणि प्रत्येकी 20 टक्के वाटा जाहिरातदारांच्या व जाहिरातसंस्थांच्या संघटनांचा आहे. ज्याची नजर मोजली जाते त्या प्रेक्षकाचा वाटा शून्य आहे. यात भर पडते ती ‘लँडिंग पेज’ची. सेट-टॉप बॉक्स सुरू करताच जी वाहिनी आपोआप समोर येते ती जागा केबलचालकाला पैसे देऊन विकत घेता येते, आणि प्रेक्षकाने न निवडलेली ही मिनिटे आकडा फुगवू शकतात. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, 2018 मध्ये या प्रथेला आळा घालण्याचा प्रयत्न केला, परंतु तो आदेश न्यायाधिकरणापुढे टिकला नाही.

स्पर्धेतून सारखेपणा का येतो

अर्थशास्त्रज्ञ हॅरल्ड हॉटेलिंग यांनी 1929 मध्ये दाखवून दिले की एका सरळ रस्त्यावर दोन विक्रेते असतील आणि ग्राहक जवळच्या दुकानात जाणार असेल, तर दोघेही एकमेकांचे गिऱ्हाईक ओढण्यासाठी सरकत सरकत रस्त्याच्या मध्यावर शेजारी-शेजारी येऊन थांबतात, आणि दोन टोकांना राहणाऱ्यांची पायपीट मात्र वाढते. वृत्तवाहिन्यांच्या बाबतीत टोकाला राहणारे म्हणजे गडचिरोली, नंदुरबार, हिंगोली, सिंधुदुर्ग येथील प्रेक्षक, आणि टोकाचे विषय म्हणजे जिल्हा परिषदेचा अर्थसंकल्प, महालेखापरीक्षकांचा अहवाल, टँकरच्या फेऱ्या आणि सोयाबीनचा हमीभाव. वृत्तकक्षाच्या भिंतीवर साऱ्या प्रतिस्पर्धी वाहिन्यांचे पडदे लावलेले असतात. एकीने ‘ब्रेकिंग’ची पट्टी चालवली की दुसरीला खातरजमा करण्याइतकी उसंत उरत नाही, कारण खातरजमेला तास लागतात आणि मागे पडल्याचा ठपका मिनिटात बसतो.

खर्चाचे गणितही याच दिशेने ढकलते. चार प्रवक्ते आणि एक निवेदक यांना बसवून केलेली तासाभराची चर्चा स्टुडिओच्या भाड्याबाहेर फारसे काही मागत नाही, तर दुर्गम तालुक्यात प्रतिनिधी व कॅमेरामन यांना तीन दिवस पाठवून तयार केलेली चार मिनिटांची बातमी त्याहून कितीतरी महाग पडते. तालुक्याचा भार मग ‘स्ट्रिंगर’वर, म्हणजे पगारी नोकरी नसलेल्या आणि बातमीगणिक मोबदला मिळणाऱ्या वार्ताहरावर पडतो, ज्याला सायंकाळी चालेल असेच दृश्य पाठवण्यावाचून गत्यंतर नसते. शिवाय सार्वजनिक जीवनातील बरेचसे महत्त्वाचे घडणे सावकाश घडते. मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षे तेथे निवडून आलेल्या नगरसेवकांऐवजी प्रशासकाचा कारभार होता. लोकशाहीतील ही उणीव रोज थोडी थोडी साचत होती, आणि जे साचते त्याला ‘ब्रेकिंग’चा क्षण नसतो, म्हणून मिनिटांच्या मापात त्याला जागाही नसते.

किंमत कोणी मोजली

2006 मध्ये मुंबईतील फॅशन सप्ताहाचे वार्तांकन करण्यासाठी 512 अधिस्वीकृत पत्रकार होते आणि त्याच काळात विदर्भातील कापूस उत्पादकांच्या आत्महत्यांचे वार्तांकन करायला बाहेरून आलेले पत्रकार जेमतेम सहा होते, अशी नोंद पत्रकार पी. साईनाथ यांनी केली आहे. 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबईवरील हल्ल्यात वाहिन्यांनी सुरक्षा दलांच्या हालचाली थेट दाखवल्या, आणि 29 ऑगस्ट 2012 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की या प्रसारणातून राष्ट्राचे वा समाजाचे हित साधले गेले नाही, उलट स्वतःच्या व्यापारी लाभासाठी देशाची सुरक्षा पणाला लावली गेली. अशा कारवाईचे थेट प्रक्षेपण रोखणारा नियम 2015 मध्ये आला, परंतु ज्या चढाओढीमुळे ते प्रक्षेपण झाले ती तशीच राहिली.

ज्यांच्या खंडपीठाने लहरी जनतेच्या ठरवल्या त्या न्या. सावंत यांचेच छायाचित्र सप्टेंबर 2008 मध्ये टाइम्स नाऊ वाहिनीच्या सायंकाळच्या बातम्यांत, नामसाधर्म्यामुळे, दुसऱ्याच न्यायाधीशाशी संबंधित घोटाळ्याच्या वृत्तात काही सेकंद झळकले. पुण्याच्या न्यायालयाने 2011 मध्ये वाहिनीला 100 कोटी रुपयांची भरपाई देण्यास सांगितले आणि वाहिनी अपिलात गेली. सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती न्यायालयात दाद मागू शकतात. ज्याचे छायाचित्र संशयित म्हणून तीन दिवस फिरवले गेले त्या रिक्षाचालकाला किंवा शाळेतील शिक्षिकेला तो मार्ग परवडत नाही. 2020 मध्ये एका अभिनेत्याच्या मृत्यूनंतर महिनोन्‌महिने स्टुडिओतच खटले चालवले गेले, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने 18 जानेवारी 2021 च्या निकालात अशा माध्यम-खटल्यांमुळे न्यायदानात ढवळाढवळ होते असे स्पष्ट केले आणि वाहिन्यांच्या स्वयंनियमनाला कायद्याचे बळ नसल्याकडेही लक्ष वेधले. त्या स्वयंनियमनात दंडाची कमाल मर्यादा एक लाख रुपये होती, आणि एवढ्या दंडाने कोणाला जरब बसणार असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयानेही 2023 मध्ये उपस्थित केला.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

पहिला आक्षेप असा की वाहिन्या लोकांना हवे तेच दाखवतात. परंतु यंत्र उपस्थिती मोजते, पसंती मोजत नाही आणि उपयोग तर मुळीच मोजत नाही. भांडण ऐकू आले की माणूस थांबतो, पण म्हणून त्याला रोज भांडणच हवे असते असा निष्कर्ष निघत नाही. शिवाय ज्या पर्यायाचे प्रसारणच झाले नाही तो प्रेक्षकांनी नाकारला असे म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. स्पर्धेवर टीका करणे म्हणजे सरकारी नियंत्रणाला निमंत्रण देणे, असे म्हटले जाते, आणि आणीबाणीत आकाशवाणी व दूरदर्शन यांचे काय झाले हे आठवले तर ही भीती निराधार नाही. 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालेल्या मुंबई दूरदर्शनच्या सायंकाळच्या बातम्यांची भाषा आणि उच्चार आजही आदर्श मानले जातात, परंतु त्या बातम्या सत्ताधाऱ्यांना अडचणीचे प्रश्न विचारू शकत नव्हत्या, आणि खासगी वाहिन्यांनी ती कोंडी फोडली हे त्यांचे श्रेय मान्य केलेच पाहिजे. म्हणूनच या पत्रकातील एकही मागणी बातमीचा आशय ठरवण्याचा अधिकार सरकारला देत नाही.

तिसरा आक्षेप असा की आकडे नसतील तर वाहिन्या बंद पडतील. मानांकनात फेरफार केल्याच्या आरोपांवरून ऑक्टोबर 2020 मध्ये मुंबईत गुन्हा नोंदला गेला (पुढे सरकार पक्षाने तो खटला मागे घेतला), आणि त्यानंतर मार्च 2022 पर्यंत सुमारे 17 महिने बातम्यांचे आकडे प्रसिद्धच झाले नाहीत. या काळात बातम्याही चालू राहिल्या आणि जाहिरातीही. आरडाओरडा मात्र आपोआप ओसरला नाही, यावरून एवढे कळते की आकडा झाकणे पुरेसे नसून त्याच्या जागी दुसरे, अधिक प्रामाणिक माप आणावे लागेल.

मागण्या

1. बातम्यांचे मानांकन तीन महिन्यांतून एकदाच प्रसिद्ध व्हावे आणि प्रत्येक आकड्यासोबत त्यातील संभाव्य चुकीची मर्यादा छापली जावी.

2. मोजणी संस्थेच्या संचालक मंडळावर ग्राहक संघटनांचे प्रतिनिधी आणि संख्याशास्त्राचे अध्यापक असावेत, आणि ‘लँडिंग पेज’वरील मिनिटे मोजणीतून वगळावीत.

3. ‘नंबर वन’चा दावा करणाऱ्या प्रत्येक जाहिरातीत वयोगट, प्रदेश, कालावधी आणि तास दाव्याइतक्याच मोठ्या अक्षरांत द्यावेत.

4. प्रत्येक वाहिनीने दरवर्षी जाहीर करावे की तिचे पगारी प्रतिनिधी किती जिल्ह्यांत आहेत, आणि सात ते दहा या वेळेतील किती तास वार्तांकनाला व किती तास चर्चेला दिले गेले.

5. चुकीची दुरुस्ती ज्या बातमीपत्रात चूक झाली त्याच बातमीपत्रात, त्याच वेळी आणि तितकाच वेळ दाखवली जावी.

6. स्वयंनियमन मंडळाची कक्षा सर्व वाहिन्यांपर्यंत पोहोचावी, त्यात व्यवसायाबाहेरच्या सदस्यांचे बहुमत असावे आणि दंड वाहिनीच्या उत्पन्नाच्या प्रमाणात ठरावा.

7. शासकीय जाहिराती कोणत्या निकषांवर दिल्या गेल्या आणि कोणत्या वाहिनीला किती रक्कम मिळाली, हे राज्य सरकारने दरवर्षी प्रसिद्ध करावे.

8. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीच्या वृत्तविभागाला पुरेसा निधी आणि मंत्रालयाच्या हस्तक्षेपापासून खरे स्वातंत्र्य मिळावे.

प्रेक्षकांच्या हाती काय आहे

2021 च्या सुधारित केबल नियमांनुसार कोणताही प्रेक्षक वाहिनीकडे लेखी तक्रार करू शकतो. वाहिनीने 24 तासांत पोच आणि 15 दिवसांत निर्णय द्यायचा असतो, आणि समाधान झाले नाही तर स्वयंनियमन संस्थेकडे दाद मागता येते. तारीख, वेळ आणि नेमका आक्षेप नोंदवून केलेली तक्रार वाहिनीला नोंदीत ठेवावी लागते, म्हणून वाचनालये, महाविद्यालये, महिला मंडळे आणि ग्रामसभा यांनी अशा तक्रारी एकत्रितपणे करण्याची पद्धत पाडावी. जाहिरातदारांकडेही थेट मागणी करता येते. ऑक्टोबर 2020 मध्ये बजाज आणि पार्ले या महाराष्ट्रातील दोन मोठ्या उद्योगांनी द्वेष पसरवणाऱ्या वाहिन्यांना जाहिराती न देण्याची भूमिका उघडपणे मांडली, यावरून जाहिरातदारही आकड्यापलीकडे पाहू शकतो हे सिद्ध झाले आहे.

वाहिन्यांनी एकमेकींशी जरूर स्पर्धा करावी. कोणाचा प्रतिनिधी आधी पोहोचला, कोणाची माहिती अचूक ठरली, कोणी चूक आधी कबूल केली आणि कोणी सत्तेला अवघड प्रश्न विचारला, यावरून त्यांची क्रमवारी लागावी. ज्या लहरींवर हा सारा व्यवहार उभा आहे त्या लहरींचा मालक म्हणून महाराष्ट्रातील प्रत्येक प्रेक्षकाने वरील आठ मागण्या आपल्या आमदार-खासदारांकडे, वाहिन्यांच्या संपादकांकडे आणि माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे लेखी पाठवाव्यात आणि त्यांचे लेखी उत्तर मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नये.