शाळा फुकट झाली, पण शिक्षणाचं काय?

मारुगे आजोबांची गोष्ट तुमच्यापैकी काही जणींनी वाचली असेल. किमानी मारुगे हे केनियातले शेतकरी. ब्रिटिशांविरुद्धच्या माऊ माऊ लढ्यात उतरलेले. २००४ मध्ये, वयाच्या ८४ व्या वर्षी, ते एल्डोरेट गावाजवळच्या प्राथमिक शाळेत पहिलीत जाऊन बसले. अर्धी चड्डी, पायमोजे, पाठीला दप्तर! त्याच शाळेत त्यांची नातवंडंही शिकत होती. आपल्याला स्वतः बायबल वाचता यावं आणि पैशांचा हिशेब कळावा, एवढीच त्यांची इच्छा. सगळ्या जगाने त्यांचं कौतुक केलं, पुढे त्यांच्यावर सिनेमाही निघाला.

पण आजोबा त्याच वेळी शाळेत का गेले, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. उत्तर साधं आहे. जानेवारी २००३ मध्ये केनियाच्या नव्या सरकारने प्राथमिक शाळेची फी रद्द केली. तोवर शाळेला पैसे लागायचे, आणि पैसे लागले की आधी कुणाचं नाव कापलं जातं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. ही फी आली कुठून? १९८० च्या दशकात आफ्रिकेतले अनेक देश कर्जात बुडाले. मदत देताना जागतिक बँक आणि नाणेनिधी यांनी सरकारी खर्चाला कात्री लावायला सांगितलं. मग शाळेचा भार पालकांच्या खिशावर आला.

फी गेल्यावर मात्र लोंढाच आला. केनियात एका वर्षात पट सुमारे ५९ लाखांवरून ७२ लाखांवर गेला. मलावीने हे पाऊल १९९४ मध्येच उचललं होतं. तिथे पट १९ लाखांवरून ३० लाखांच्या घरात पोचला. युगांडात १९९७ मध्ये तेच झालं. आईबापांना मुलांना शिकवायचंच नसतं, या समजाला याहून चांगलं उत्तर ते कुठलं?

पण मैत्रिणींनो, घरी अचानक पन्नास पाहुणे आले आणि भात मात्र दहा जणांचाच शिजलेला असला, तर काय होतं? मलावीत शंभर-शंभर मुलांचे वर्ग भरू लागले, खोल्या कमी पडल्या म्हणून झाडाखाली भरू लागले. सरकारने सुमारे २० हजार नवे शिक्षक घाईघाईने नेमले, त्यातले बहुतेक प्रशिक्षण न घेतलेले. मुलं शाळेत आली खरी, पण शाळा त्यांच्यापर्यंत पोचली का?

हे मोजायला केनिया, टांझानिया आणि युगांडात जी रीत वापरली गेली, तिचा धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो. मुंबईतल्या वस्त्यांमधून काम सुरू करणाऱ्या 'प्रथम' संस्थेने २००५ पासून 'असर' नावाची पाहणी सुरू केली. कार्यकर्ते घरोघरी जातात, मुलाच्या हातात एक साधा उतारा देतात आणि म्हणतात, वाचून दाखव बाळा. बस्स, इतकंच. ही कल्पना २००९ मध्ये पूर्व आफ्रिकेत गेली आणि तिथे तिचं नाव पडलं 'उवेझो'. स्वाहिली भाषेत उवेझो म्हणजे क्षमता. केनियातल्या सुरुवातीच्या पाहण्यांत काय दिसलं? तिसरीतल्या दहा मुलांपैकी जेमतेम तिघांना दुसरीचं वाचता येत होतं. जागतिक बँकेचा २०२२ चा अंदाज तर सांगतो, की सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत दहा वर्षांच्या दहापैकी नऊ मुलांना साधा मजकूर वाचून समजत नाही. दप्तर आहे, गणवेश आहे, हजेरीपटात नाव आहे. वाचन मात्र नाही.

याचं एक कारण शिक्षकांची कमतरता, तर दुसरं भाषा. टांझानियात प्राथमिक शाळा स्वाहिलीत चालते. माध्यमिक शाळेत पाऊल टाकलं की एकदम सगळं इंग्रजीत. काल वर्गात हात वर करणारी मुलगी आज गप्प. तिला विज्ञान येत नाही असं नव्हे, प्रश्नच कळत नाही. तरी पालकांना इंग्रजीच हवी असते, कारण नोकरी तिच्यात आहे. त्यांचंही काय चुकलं? इंग्रजी शिकणं वेगळं आणि न समजणाऱ्या भाषेत सगळंच शिकणं वेगळं, हा फरक त्यांना समजावून सांगायचा कुणी?

मुलींच्या वाटेत तर आणखी काटे. शाळेत धड संडास नाही, पाणी नाही, मग पाळीचे दिवस घरीच जातात. केनियाने सॅनिटरी पॅडवरचा कर २००४ मध्येच काढून टाकला. २०१७ मध्ये तर शाळकरी मुलींना पॅड मोफत देण्याचा कायदाही केला. याउलट टांझानियात गरोदर राहिलेल्या मुलीला शाळेतून काढून टाकत. बाळ झाल्यावर सरकारी शाळेत परत यायचं नाही, असं २०१७ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष मागुफुलींनीच बजावलं. सिएरा लिओनमध्येही २०१५ मध्ये, एबोलाच्या साथीनंतर शाळा उघडल्या तेव्हा, गरोदर मुलींना दार बंद झालं. त्या मुलाच्या बापाला मात्र कुणी वर्गाबाहेर काढलं नाही! सिएरा लिओनने ही बंदी मार्च २०२० मध्ये उठवली, पण त्याआधी पश्चिम आफ्रिकेच्या सामायिक न्यायालयाने कान उपटावे लागले. टांझानियाने नोव्हेंबर २०२१ मध्ये दार उघडलं. त्या वेळी राष्ट्राध्यक्षपदी सामिया सुलुहू हसन ही एक बाई होती, हेही नोंदवायला हवं.

करोनाने उरलंसुरलं विस्कटलं. युगांडातल्या शाळा मार्च २०२० मध्ये बंद झाल्या, त्या पुऱ्या उघडल्या जानेवारी २०२२ मध्ये. जगातली ही सर्वांत लांब टाळेबंदी. मधल्या काळात कुणी मजुरीला लागलं, किती तरी मुलींची लग्नं झाली, कित्येकींच्या कडेवर मूल आलं.

सगळं चित्र काळंच आहे असं मात्र मला वाटत नाही. मलावीच्या डेड्झा जिल्ह्यात थेरेसा काचिंदामोटो या बाईंकडे २००३ मध्ये वंशपरंपरेने प्रमुखपद आलं. त्याआधी त्या एका कॉलेजात सेक्रेटरी होत्या. कडेवर मूल घेतलेल्या कोवळ्या मुली बघून त्यांनी आपल्या हाताखालच्या मुखियांना बोलावलं आणि शेकडो बालविवाह मोडीत काढले. ज्यांनी ऐकलं नाही त्यांना पदावरून दूर केलं. त्या मुलींना त्यांनी परत शाळेत बसवलं. मलावीत शाळाशाळांतून आयांचे गट आहेत. शाळा सोडलेल्या मुलीच्या घरी जाऊन ते तिला परत आणतात, कापडाचे पॅड शिवून देतात. मोठी योजना नाही, मोठा निधी नाही. दारावर थाप मारणारी एक बाई, एवढंच.

झांबियातही चांगलं घडतंय. २०१६ पासून तिथल्या शाळांत तिसरी ते पाचवीच्या मुलांना रोज थोडा वेळ इयत्तेप्रमाणे नव्हे, तर ज्याला जेवढं येतं तेवढ्यावरून गट करून शिकवतात. गोष्टी, खेळ, काड्यांचे गठ्ठे. हीसुद्धा 'प्रथम'चीच रीत. २०२२ मध्ये झांबियाने बारावीपर्यंतची फी काढून टाकली. आणि हे कोणी केलं? २०२० मध्ये ज्याला परदेशी कर्जाचे हप्ते चुकवावे लागले, त्याच देशाने!

पण पैशाचं सोंग आणता येत नाही. २०२५ मध्ये अमेरिकेने आपली परदेशी मदतसंस्था गुंडाळली आणि आफ्रिकेतले पुस्तकांचे, मुलींच्या शिक्षणाचे अनेक उपक्रम अधांतरी राहिले. दुसऱ्याच्या पैशावर चाललेली शाळा दुसऱ्याच्या मर्जीवर बंद पडते. हा धडा त्या देशांसाठी कडू आहे. म्हणूनच स्वतःच्या अंदाजपत्रकातून वाटा मागणारे तिथले पालक आणि शिक्षकसंघटना मला जास्त महत्त्वाच्या वाटतात.

फी माफ करणं हे पहिलं पाऊल. सरकारं ते टाकतात, कारण त्याचा फोटो निघतो, मतं मिळतात. मूल वाचायला शिकलं की नाही, याचा फोटो निघत नाही. ते तपासायला कुणीतरी मुलाशेजारी बसावं लागतं. उवेझोने हेच साधलं: निरक्षर आईच्या डोळ्यांसमोर, तिच्याच अंगणात तिच्या मुलाला वाचायला लावलं. मूल अडखळलं, की त्या आईला कुठलाही अहवाल वाचायची गरज उरली नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन काय विचारायचं, ते तिला कळलं होतं.