केळवणाला या, लग्नाचं मग बघू

न्यू जर्सीतल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शाळेच्या कॅफेटेरियात तिळगूळ वाटणे चालले होते. मंडळातल्या एका मुलीचे लग्न ठरल्याची बातमी तोवर चहाच्या टेबलापर्यंत पोचली होती. एका काकूंनी तिच्या हातावर हलवा ठेवता ठेवता विचारले, "मग, आम्हाला आमंत्रण आहे ना गं?" मुलगी इथेच जन्मलेली, इथेच वाढलेली. आडून बोलणे तिला जमत नाही. ती म्हणाली, "काकू, मला तुमचं नावच माहीत नाही. सगळे तुम्हाला काकूच म्हणतात."

गोड बोलण्याचा सण तिथेच आटोपला. कोट चढवताना, पार्किंग लॉटमध्ये काचेवरचा बर्फ खरवडताना सगळ्यांच्या तोंडी एकच विषय, हल्लीची मुले. मुलीची आई बिचारी नंतर घरोघर फोन करत बसली. प्रस्तुत लेखिकेचे मत असे, की मुलीचे काहीच चुकले नाही. चुकते आहे ते यादीचे.

कोणती यादी, हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. ती एक्सेलमध्ये असते. पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात माणसे किती, आणि तिसऱ्यात, कधी उघड तर कधी यजमानीणबाईंच्या डोक्यात, "त्यांनी आपल्याला बोलावलं होतं का?" लग्नाचे बजेट कोसळते ते या तिसऱ्या रकान्यापाशी. संगीताच्या कोरिओग्राफरला किंवा हळदीच्या पिवळ्या पडद्यांना उगीच बोल लावला जातो.

न्यू जर्सी सरकारच्या लेखी लग्न म्हणजे २८ डॉलरचे लायसन्स आणि ७२ तासांची वाट. पुढचा सगळा खर्च हौसेचा. 'द नॉट' या लग्नविषयक संकेतस्थळाच्या पाहणीत २०२३ मधल्या अमेरिकन लग्नांचा सरासरी खर्च ३५,००० डॉलर होता आणि पाहुणे सरासरी ११५ च्या आसपास. भागाकार केला तर माणशी सुमारे ३०० डॉलर पडतात. मंडळातल्या याद्या ११५ वर क्वचितच थांबतात. ३०० वर आल्या की यजमान समाधानाने सांगतात, "यंदा अगदी आटोपशीर करतोय."

काटकसर करायची ठरली की बोलणे हमखास फुलांवरून सुरू होते. खऱ्याऐवजी रेशमी लावू, मांडव भाड्याचा घेऊ, पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू. पण फुलेसुद्धा यादीलाच बांधलेली असतात. दहा माणसांमागे एक गोल टेबल. टेबलामागे टेबलक्लॉथ, मधली फुलांची मांडणी, दहा खुर्च्यांची कव्हरे आणि वाढणारा एक माणूस. प्लेटचा दर ठरला की त्यावर सर्व्हिस चार्ज आणि ६.६२५ टक्के सेल्स टॅक्स. भारतीय केटरर बाहेरून आणायचा असेल तर बहुतेक हॉल त्याचे वेगळे पैसे लावतात. यादीतून १५० माणसे गेली तर १५ टेबले त्यांच्या लवाजम्यासकट जातात, शिवाय लहान हॉलही चालतो. झेंडूच्या जागी कागदी माळा लावून वाचते ती चिल्लर.

आणि एवढे करून पाहुण्यांना तरी काय मिळते? लेखिकेच्या भाच्याचे लग्न इथल्याच एका मोठ्या हॉलमध्ये झाले. नवराबायको टेबलाटेबलाशी जायचे, खुर्च्यांमागे उभे राहून फोटो काढायचे आणि पुढे सरकायचे. अर्ध्या टेबलांवर नवऱ्या मुलाची ओळख त्याच्या वडिलांनी करून दिली, "हा आमचा धाकटा." नवरा-नवरीच्या वाट्याची जिलेबी डब्यात बांधून गाडीत ठेवली गेली. भाच्याचे कॉलेजातले मित्र तेविसाव्या टेबलावर, दरवाज्याजवळ. पुढची टेबले वडिलांच्या ऑफिसातल्या मंडळींना आणि कधीकाळच्या कारपूलवाल्यांना.

यावर ठरलेले उत्तर असते, "आपल्याकडे लग्नं मोठीच असतात." असतात खरी. लेखिकेचे स्वतःचे लग्न मिरजेत झाले, कार्यालयात, आणि पाने पाचशेच्या वर उठली. पण त्या पाचशेत निम्मे राबते होते. आतेभाऊ मठ्ठ्याची बादली घेऊन पंगतीतून फिरत होता. थोरल्या मामांचे कोठीघरावर लक्ष होते. शेजारच्या वहिनी पहाटेपासून अळू चिरून हात खाजवत बसल्या होत्या. सकाळचा मुहूर्त, दुपारच्या पंगती, आणि संध्याकाळी कार्यालयाच्या किल्ल्या परत. तिथे माणसांबरोबर हातही वाढत. इथे वाढतात ती टेबले. हा फरक लक्षात न घेता मिरजेची यादी इथल्या एडिसनच्या हॉलला लावली तर बिल एडिसनचेच येणार.

शिवाय ती यादी मिरजेतही आता कुणाला परवडते? २०२५ साली अहिल्यानगर आणि पुण्यात मराठा समाजाच्या बैठका होऊन लग्नांसाठी आचारसंहिता ठरवण्यात आली. माणसे शे-दोनशे, डीजे नको, प्री-वेडिंगचे चित्रण मांडवातल्या पडद्यावर नको. हुंड्यापायी गेलेल्या एका सुनेच्या बातमीने महाराष्ट्र हादरला होता, त्यातून हे बोलणे निघाले. किती पाळले जाते हा भाग वेगळा. पण तिकडे लोक यादीवर उघड बोलू लागले, आणि इकडचे सगळे "तिकडे असंच असतं" म्हणून तीसेक वर्षांपूर्वीच्या तिकडची नक्कल करत बसले आहेत.

छोटे लग्न कसे असते ते कोविडने तर सक्तीने दाखवून दिले. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात लग्नाला २५ माणसे आणि दोन तास एवढीच परवानगी होती, आणि नियम मोडणाऱ्याला ५०,००० रुपये दंड. लेखिकेच्या नणंदेच्या मुलीचे लग्न त्याच दिवसांतले. इथे मध्यरात्र उलटून गेलेली, झूमवर कुणाचा तरी मिक्सर चालू, आणि मंगलाष्टकांच्या मध्येच "म्यूट करा, म्यूट करा". चेष्टा पुष्कळ झाली. पण त्या लग्नात नवरीच्या आजीने स्वतः रचलेले कडवे म्हटले आणि ते पंचविसांच्या पंचविसांना ऐकू गेले. एरवी मंगलाष्टका चालू असताना मागच्या ओळींत घरांच्या किमतींची चर्चा रंगलेली असते.

लग्न आपले वाटावे म्हणून जे लागते ते मराठी लग्नात आधीपासूनच आहे, आणि जवळजवळ फुकट आहे. मंगलाष्टकाचेच घ्या. लेखिकेच्या मुलीच्या लग्नाला माणसे नव्वदच्या आत होती. आजोबांनी शार्दूलविक्रीडितात चार कडवी जुळवली; त्यांत मुलीच्या पहिल्या सायकलपासून जावयाच्या ओहायोपर्यंत सगळे आले. मावसभावंडांनी ती रोमन लिपीत लिहून घेतली आणि आठवडाभर गाडीत घोकली. अंतरपाट आजीच्या विटक्या अंजिरी नऊवारीचा, मधोमध कुंकवाचे स्वस्तिक. तो धरणाऱ्या दोघा पोरांची उंची सारखी नव्हती, त्यामुळे एक टोक सारखे खाली यायचे आणि नवरा-नवरी वरून डोकावायची. गुरुजी रागावले, फोटोग्राफरला मात्र त्या दिवसाचा सर्वांत चांगला फोटो तिथे मिळाला. जावयाच्या आईने आपले कडवे इंग्रजीत वाचले आणि शेवटी मोठ्याने "शुभमंगल सावधान" म्हटले. मागच्या ओळीतल्यांनीही अक्षता टाकल्या, कारण मागची ओळ म्हणजे जेमतेम पाचवी होती.

रुखवताचेही तेच. आता पुण्याहून तयार रुखवत मागवता येते, सप्तपदीच्या पाट्यांसकट, आणि त्याला नावे ठेवायचे कारण नाही. पण लेखिकेच्या मुलीच्या काकूने स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुठ्ठ्याची सात पावले कापून त्यांवर गोंदाने तांदूळ चिकटवले, आणि प्रत्येक पावलाखाली मुलगी ज्या ज्या गावात राहिली त्याचे नाव घातले. सहाच गावे झाली म्हणून सातव्या पावलावर प्रश्नचिन्ह. खर्च म्हणाल तर गोंदाची बाटली.

थोड्या खर्चात आपले वाटेल असे लग्न करण्याचा हा शोध काही नवा नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या सप्टेंबरात सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिला सत्यशोधक विवाह लागला. खर्च अगदी थोडा, भटजी नाही. जोतीरावांनी रचलेल्या मंगलाष्टकांत वधू आणि वर एकमेकांशी बोलतात. वधू हक्क मागते, वर शब्द देतो. आजकाल इथली मुले "व्हाउज आम्ही स्वतः लिहिणार" म्हणाली की घरात कुरकूर सुरू होते, हे अमेरिकन खूळ म्हणून. दीडशे वर्षांपूर्वी पुण्यात झालेली गोष्ट अमेरिकन कशी? पु. ल. आणि सुनीताबाईंचे लग्न १२ जून १९४६ रोजी रत्नागिरीत नोंदणी पद्धतीने झाले. त्यांची पुस्तके घरोघरी फडताळात असतात, पण तो धडा काही कुणी गिरवत नाही.

हे जरा प्रवचन झाले खरे. लेखिकेच्या घरचे तेच म्हणतात. ज्यांना थाटाचे लग्न करायचे आहे आणि खिसा भरलेला आहे, त्यांनी अवश्य करावे. त्यांच्या घोड्याला, ढोलाला, फटाक्यांना कोणी अडवलेले नाही. संगीताच्या रात्रीबद्दलही पुष्कळ म्हणण्यासारखे आहे. मराठी मुलींना फुगडी येत नाही आणि भांगडा येतो, वगैरे. पण ते राहू दे. नाचणाऱ्यांना मजा येते, आणि त्याने टेबले वाढत नाहीत.

तारखेबद्दल मात्र दोन शब्द. इथे हॉलचा हंगाम मे ते ऑक्टोबर, आणि शनिवार सर्वांत महाग. त्यातला निम्मा काळ चातुर्मासात जातो. तरी मुले सप्टेंबर धरतात, आईवडील पंचांग मिटून ठेवतात आणि भाव चढे लागतात. हॉलवाल्यांच्या पंचांगात पौष महिना जानेवारीपासून मार्चपर्यंत चालतो. खरा पौष सरला की माघ-फाल्गुनात मुहूर्त असतात आणि हॉल रिकामे असतात. शुक्रवार किंवा रविवार घेतला तर भाव आणखी उतरतात. बर्फाचा धोका आहे, नाही असे नाही.

आता मूळ मुद्दा. ज्यांना बोलवायचे नाही, त्यांचे काय करायचे? लेखिका जिथे जिथे हा विषय काढते तिथे सगळे इथेच अडतात. मंडळात पंधरा-पंधरा वर्षांची ये-जा, गणपतीत एकत्र काढलेल्या पोळ्या, एकमेकींच्या बाळंतपणात पोचवलेले डबे. हे नाते यादीतून खोडायचे कसे? खोडू नये. त्याला दुसरी जागा द्यावी, आणि ती जागा आपल्याकडे कधीची आहे. केळवण!

केळवण म्हणजे सोयरेधायरे आणि शेजारी नवऱ्या मुलीला, मुलाला लग्नाआधी जेवायला बोलावतात. यात यजमान ते, पाहुणी मुलगी. ताटाभोवती रांगोळी, पाट, औक्षण, साधासा आहेर. दहा-बारा माणसे, आणि सगळ्यांचे लक्ष त्या एकीकडे. काकू तिला विचारणार, काय करतो गं, कुठे भेटलात, भात जास्त आवडतो की पोळी. तिला काकूंचे नाव कळणार, कारण ती त्यांच्या घरात त्यांच्या हातचे मसालेभात आणि पंचामृत जेवत असणार. लग्नात हात जोडून "आलात, बरं वाटलं" म्हणण्यापेक्षा हे कितीतरी जास्त आहे. मुलीच्या आईवडिलांवर याचा खर्च एक पैशाचा नाही.

म्हणून मंडळाने जाहीर पायंडा पाडावा. सभासदाच्या घरचे लग्न ठरले की बाकीच्यांनी केळवणे करावीत, आणि लग्नाच्या आमंत्रणाची वाट पाहू नये. ज्यांच्या घरी जागा अपुरी आहे त्यांनी मिळून महिन्याच्या कार्यक्रमात एक सामुदायिक केळवण करावे, आपापला पदार्थ घेऊन. आणि तिसरा रकाना सगळ्यांनी एकाच दिवशी पुसावा. एकट्यादुकट्याने पुसला तर तो कंजूष ठरतो, हे लेखिका नाकारत नाही. ज्यांनी आधी चारशे माणसांना जेवू घातले त्यांना "आमचे पैसे बुडाले" असे वाटेल. त्यांचे समाधान कसे करायचे ते लेखिकेलाही सुचलेले नाही. पाकिटांतून खर्च निघतो असे मानणाऱ्यांनी मात्र एकदा पाकिटे आणि बिल शेजारी ठेवून पाहावे.

आणखी एक करता येईल. मंडळाच्या कपाटात चौरंग, पाट, समया, ताम्हने, कलश हे सगळे आहे, आणि ते गणपतीपुरते बाहेर येते. अनामत घेऊन ते सभासदांना द्यावे. लाजाहोमासाठी हॉलवाले फायर मार्शलची परवानगी मागतात. ज्यांनी ती काढली आहे त्यांनी कोणता फॉर्म, किती दिवस आधी, हे एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला चिकटवावे. गुरुजींच्या तारखांचा प्रश्न उरतोच. शनिवारी सकाळी त्यांच्याकडे दोन सत्यनारायण आणि एक वास्तुशांत असते, आणि मुहूर्ताची घटका गाठायची तर टर्नपाइकवरच्या रहदारीचाही विचार करावा लागतो. त्याचे काय करायचे ते कार्यकारिणीच्या पुढच्या सभेत मांडले जावे.