रात्री अकराची भूक

परीक्षा संपल्या की घरातलं शेंडेफळ जाहीर करतं, ‘शनिवारी माझे पाच मित्र राहायला येणारेत.’ पूर्वी मामाच्या गच्चीवर दहा-बारा भावंडं ओळीनं झोपायची, आता त्याला स्लीपओव्हर म्हणतात. बाकी फार काही बदललेलं नाही. रात्री अकराला पुन्हा गॅस पेटवते ती आईच. आणि तुम्ही? आतल्या खोलीत, कानात इयरफोन!

या वेळी स्वयंपाकघर तुम्ही ताब्यात घ्या. पावभाजी करणार असाल तर दहा-बारा वर्षांचं पोर चार पाव सहज उडवतं. म्हणजे सहा जणांना २४ पाव, चार लाद्या. उरले तर सकाळी मस्का लावून दुधाबरोबर संपतील. आठला जेवलेली मुलं अकराला परत भुकेली होतातच. तेव्हा केळी, चिवडा, चटणी सँडविच हाताशी हवं. त्याआधी प्रत्येकाच्या घरी एक फोन मात्र करा. कुणाला शेंगदाण्याची अॅलर्जी आहे का? अंडं चालतं का? हे विचारायला आपल्याकडे उगाच संकोच वाटतो, आणि दाण्याचं कूट तर आपण कशातही घालतो.

एखादा मुलगा ‘नको, पोट भरलं’ म्हणेल. परक्या घरात दुसऱ्यांदा मागायची लाज वाटते हो! त्याला पुन्हा पुन्हा विचारू नका. डबा उघडून सगळ्यांच्या मधोमध ठेवा आणि तिथून सटका.

आईला दहालाच झोपायला पाठवा. ती झोपणार नाही, दोनदा तरी डोकावेल. दारातूनच परत पाठवा.